पाण्यापासून पाण्यापर्यंत

१२ फेब्रुवारी

आज आमच्या गेमचं बिल्ड उघडून फक्त प्रवास केला, दुसरं काही नाही. वस्तीवर क्लिक करायचं, ठिपक्यांची रेघ सरकायला लागते, मध्येच थबकते, दोन रानटी कुत्री अंगावर येतात, ती मारायची, रेघ पुन्हा चालू. पोहोचलो. पुढची वस्ती, पुन्हा तेच. प्रोग्रामरला विचारलं, कसं वाटतंय? "टोलनाक्यावर गाडी थांबल्यासारखं," तो म्हणाला. पैसे द्या, पुढे व्हा.

वस्त्यांमधली माणसं, त्यांची भांडणं, हत्यारं, औषधं यांत आम्ही जीव ओतलाय. दोन वस्त्यांमधली जमीन मात्र नुसती भरताडाची. जगबुडीनंतरच्या गेमला हे परवडणारं नाही. पाट्या गेल्या, एसटी गेली, फोनवरचा निळा ठिपका गेला, तर माणसापुढे मोठं काम उरतं ते इथून तिथे जिवंत पोहोचण्याचं. नेमकं तेच आम्ही गाळलंय.

जमीन तर हाताशी आयती आहे. आमचा गेम घडतो सातारा जिल्ह्यात, काही पिढ्यांनंतरच्या. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात! असा उतार कुठल्याही डिझायनरला कागदावर सुचला असता तर लोक म्हणाले असते, फारच सोयीस्कर आहे.

१४ फेब्रुवारी

रात्री १९९७चा 'फॉलआउट' पुन्हा काढला. टिम केन, लेनर्ड बॉयार्स्की आणि मंडळींनी 'इंटरप्ले'त केलेला पहिला. त्यातला प्रवासाचा पडदा आजच्या मानाने गरीबच: कॅलिफोर्नियाचा तपकिरी नकाशा, बहुतेक चौकोन काळे, आणि एक खूण सरळ रेषेत सरकतेय. आमच्या बिल्डहून त्यात जास्त काही नाही, उलट कमीच. तरी पहिला क्लिक करताना पोटात गोळा येतो.

याचं कारण मुख्यतः घड्याळ. व्हॉल्ट १३ या भुयारी आसऱ्यातली पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडलीय आणि नवी आणायला १५० दिवस आहेत. नकाशावर बोटभर सरकलात की दिवस गेले. चुकीच्या दिशेने गेलात तर ते परत मिळत नाहीत. तुमच्या हातात पत्ता एकच, पूर्वेला व्हॉल्ट १५. बाकी अंधार.

आणि इथेच त्यांची खरी करामत आहे. त्या एकाच पत्त्याच्या वाटेवर शेडी सँड्स नावाची लहानशी वस्ती येते. कोणी सांगितलेलं नसतं, पण सरळ पूर्वेला निघालेला माणूस तिथे आपसूक धडकतो. तिथे माणसं भेटतात, सोबती मिळतो आणि दोर मिळतो. दोर न घेता पुढे गेलात तर व्हॉल्ट १५ च्या लिफ्टच्या खोल बोगद्यात उतरता येत नाही, मुकाट्याने मागे फिरावं लागतं. न बोलता शिकवलेला धडा: वाटेतली वस्ती ओलांडून जाऊ नये, थांबून विचारपूस करावी.

आणखी एक. पुढे हब नावाच्या बाजारपेठेत पाण्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन आपल्या व्हॉल्टकडे तांडा धाडता येतो. मुदत १०० दिवसांनी वाढते. पण पाण्याचा तांडा जिथे जातो तिथला पत्ता लपून राहत नाही, म्हणून शत्रूला व्हॉल्ट सापडायची मुदत त्याच हिशेबात कमी होते. ही दुसरी मुदत पुढे त्यांनी पॅचमधून जवळजवळ काढूनच टाकली, लोकांना घाई सोसेना. मला वाईट वाटतं. खेळणाऱ्याने केलेल्या सोयीचा माग काढत संकट त्याच्याच घरी येतं, इतकी नीट बांधलेली गोष्ट मी प्रवासाच्या नियमांत दुसरीकडे पाहिलेली नाही.

१७ फेब्रुवारी

षटकोनांचा कागद छापून आणला. ए-थ्री, जरा जाड. स्टेशनरीवाल्याने विचारलं, "भरतकामाला का?"

षटकोनाची सवय आपल्याला टेबलावरच्या खेळांतून आली. चौकोनात तिरकं गेलं की अंतर वाढतं, षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. १९७२ मध्ये 'ॲव्हलॉन हिल'ने 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाचा खेळ काढला होता, जिम डनिगनचा. त्यात मारामारी हा मुद्दाच नव्हता. तहान, भूक, आणि वाट चुकणं. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आलं तेव्हा रानातल्या प्रवासासाठी त्याच्या कर्त्यांनी सरळ याच खेळाचा पट वापरा म्हणून सांगितलं. म्हणजे ज्या झाडाची ही सगळी फळं, १९७८चा 'गॅमा वर्ल्ड', १९८८चा 'वेस्टलँड', मग 'फॉलआउट', त्याच्या बुंध्यातच तहानेचा तक्ता आहे. मधल्या काळात आपण बंदुका वाढवत गेलो आणि तहान विसरलो.

आमचं प्रमाण ठरवलं: एक षटकोन म्हणजे ओझं घेऊन सपाट माळावर तासाभराची चाल, साधारण चार किलोमीटर. घाट चढायचा तर तीन तास.

१८ फेब्रुवारी

पाण्याचा हिशेब. उन्हात चालणाऱ्याला दिवसाला चार-पाच लिटर कमीच. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच दिवसांचं पाणी पाठीवर घ्यायचं म्हटलं तर वीस-पंचवीस किलो, आणि मग खायला, पांघरायला, विकायला काही नेता येत नाही. मला वेगळी मर्यादा घालायची गरजच नाही, वजनच घालतंय. नकाशावर मग किलोमीटरला अर्थ उरत नाही. अमुक टाक्यापासून अमुक तळ्यापर्यंत दीड दिवस, एवढंच अंतर खरं.

२०१४च्या 'वेस्टलँड २' मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात कॅन्टीनमधलं पाणी संपत जातं आणि नकाशावरच्या पाणवठ्यांवर ते भरून घ्यावं लागतं. कल्पना चांगली, पण थोड्या वेळाने पाणवठे इतके माहीत होतात की पाणी नावापुरतं उरतं. आणि ज्या मुलखात इतक्यात जाऊ द्यायचं नाही, तिथे किरणोत्साराचे ढग. योग्य सूट मिळेपर्यंत पलीकडे जायचं नाव नको. हे कुलूप झालं. कुलपाशी माणूस विचार करत नाही, किल्ली शोधतो.

२० फेब्रुवारी

कुलपाऐवजी काय? 'फॉलआउट : न्यू व्हेगस', २०१०, जोश सॉयर आणि 'ऑब्सिडियन'. सुरुवात गुडस्प्रिंग्जमध्ये. हे गाव नेवाड्यात खरोखरच आहे, लास व्हेगसपासून रस्त्याने पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. तिथला १९१३चा 'पायोनियर सलून' नाव बदलून गेममध्येही आहे. गावाबाहेर टेकाडावर उभं राहिलं की दूर लकी ३८ हा उंच मनोरा दिसतो. रात्री तर सगळा झगमगाट. तिथेच जायचंय. दिसतंय. मग निघा की सरळ!

सरळ वाटेवर डेथक्लॉ नावाचे राक्षसी प्राणी आहेत. एकेका फटक्यात गतप्राण. दुसरीकडून जावं तर डोंगरात कॅझाडोर नावाच्या विषारी माश्या. गावातली माणसं बजावतात, वाटेवरची माणसं बजावतात. म्हणून खेळणारा दक्षिणेला प्रिम, तिथून निप्टन, नोव्हॅक असा भला मोठा वळसा घालून येतो, आणि त्या वळशातच सगळी कथा पेरलेली आहे. पण सरळ वाट बंद नाही. गुडस्प्रिंग्जच्या शाळेतल्या तिजोरीत अदृश्य करणारं एक यंत्र ठेवलंय. ज्याला ते सापडलं आणि ज्याची छाती आहे, तो पहिल्याच संध्याकाळी लपतछपत उत्तरेने व्हेगस गाठू शकतो. गेम त्याला अडवत नाही. हे मला हवंय: पुढे जाऊ नकोस असं सांगणारी जमीन हवी, जाता येणार नाही असं सांगणारी नको.

आमच्या गेममध्ये मनोऱ्याच्या जागी काय ठेवायचं, हा प्रश्न संध्याकाळी सुटला. शिखर शिंगणापूर! महादेवाच्या डोंगररांगेतलं टोक, खालच्या माळावरून लांबून ओळखू येणारं, आणि वर पाणी. मालोजी भोसल्यांनी तिथे तळं बांधवलं ते यात्रेकरूंच्या पाण्याच्या हालांपायी. दिसणारं ठिकाण आणि पाण्याचं ठिकाण एकच, म्हणजे तिथे जगबुडीनंतर कोण बसलेलं असेल हे वेगळं सांगायला नको.

२१ फेब्रुवारी

दृष्टीचा हिशेब केला. सपाट माळावर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर, म्हणजे आमचा एक षटकोन. शंभर मीटर उंच टेकाडावर चढला की पस्तीस किलोमीटर, आठ-नऊ षटकोन. टेकडी चढायला दोन तास आणि लिटरभर पाणी. हा सौदा झाला! घाटमाथ्याच्या जंगलात उलट, पाणी हवं तेवढं, पण शेजारच्या षटकोनात कोण उभंय ते दिसत नाही.

'निओ स्कॅव्हेंजर' या २०१४च्या छोट्या गेमने हे फार छान केलंय. डॅनिअल फेडोरने 'बायोवेअर' सोडून बहुतांशी एकट्याने केलेला, मिशिगनमध्ये घडणारा. अंगात दवाखान्याचा झगा, पायात काही नाही, आणि षटकोनांचा नकाशा. उंचावरून लांबचं दिसतं, झाडीत लपता येतं, रात्री जवळचंच दिसतं. आपल्या पावलांचे माग राहतात आणि ते दुसऱ्याला वाचता येतात. पहिल्या तासात माणूस थंडीने मरतो. मी तरी दर वेळी मेलो.

तर आमचं सूत्र ठरलं. पूर्वेला नजर आहे, पाणी नाही. पश्चिमेला पाणी आहे, नजर नाही.

२४ फेब्रुवारी

प्रोग्रामरचे वडील गावाहून आलेत, आटपाडीकडचे. तरुणपणी मेंढरांच्या वाड्याबरोबर कोकणात उतरायचे. दिवाळी झाली की निघायचं, पावसाच्या तोंडाला परत. घोड्यांवर बिऱ्हाड, बायका घोडी घेऊन मुक्कामाच्या जागी पुढे, मेंढरं चरत चरत मागून. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची. शेताला खत होतं, शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो.

मी षटकोनांचा कागद त्यांच्यापुढे पसरला आणि विचारलं, "अण्णा, वाट कशी ठरवायचात?"

त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. "वाट ठरल्यालीच असती. पानी ठरल्यालं नसतं. येकजन म्होरं जायाचा, बघून यायाचा. पानी हाय का, चारा हाय का, औंदा कोन बसवून घेतंय, मागल्या साली भांडान झाल्यालं हाय का. त्यो आला की मग हालायचं."

"आणि तो यायला उशीर झाला तर?"

"तर बसायचं. न्हाईतर त्येच्या मागनं दुसरा."

प्रोग्रामरने आणि मी एकमेकांकडे बघितलं. टोळीतला एकजण पुढे पाठवायचा. तो पडद्यावरून दिसेनासा होतो. थांबलेल्यांचं पाणी संपत राहतं. तो परत येतो तेव्हा त्याने आणलेली बातमी त्याच्या परतीच्या चालीएवढी शिळी असते. आणि कधी तो येतच नाही. इतक्या गेममध्ये इतके नकाशे पाहिले, पण नकाशावरची बातमी जुनी होते हे फारच थोड्यांनी धरलेलं दिसतं. एकदा उजळलेला चौकोन कायमचा उजळ. आमच्याकडे पाण्याचा निळा रंग दिवसागणिक फिका होत जाईल. तळं होतं, हे माहीत आहे. आज आहे का, हे माहीत नाही.

२६ फेब्रुवारी

दिवसभर रेघेवरून वाद. एका भयंकर बारीक गोष्टीचा.

आमच्या गेममध्ये लांबच्या षटकोनावर क्लिक केलं की वाट आपोआप आखली जाते. ती आखतं ए-स्टार नावाचं गणित. १९६८चं, हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांचं, शेकी नावाच्या चाकांवरच्या यंत्रमानवाला खोलीतून वाट काढता यावी म्हणून केलेलं. गणित उत्तम आहे, अडचण तीच आहे. त्याला सगळा नकाशा माहीत असतो. मी काळ्या मुलखापलीकडच्या खुणेवर क्लिक केलं तर रेघ काळोखात मध्येच डावीकडे वळली. मी ताबडतोब ओळखलं, तिथे ओघळ आहे. न चालता, न विचारता, पाण्याचा थेंब न खर्चता! माउस नुसता फिरवत राहिलं तर अर्ध्या जिल्ह्याचा भूगोल रेघेच्या वळणांवरून काढता येतो.

प्रोग्रामरचं म्हणणं, कोण एवढं करतं? माझं म्हणणं, पहिल्या आठवड्यात कोणीतरी करेल आणि सगळ्यांना सांगेल. 'फॉलआउट'ला हा प्रश्न आलाच नाही, कारण तिथे खूण सरळ रेषेत जायची, मध्ये काय आहे याची पर्वा न करता.

शेवटी ठरलं ते असं. गणिताला फक्त तेवढंच दाखवायचं जेवढं खेळणाऱ्याला माहीत आहे. न पाहिलेला प्रत्येक षटकोन त्याने सपाट माळ समजायचा. मग रेघ सरळ जाईल, माणूस ओघळीच्या काठावर येऊन उभा राहील, आणि तिथे थांबून गेम विचारेल: खाली उतरायचं, की काठाकाठाने? उतरलात तर एका जणाचा पाय मुरगळू शकतो. काठाने गेलात तर दोन तास. आम्ही जे चौरस्ते मुद्दाम लिहीत बसलो होतो, ते अज्ञानातून फुकट मिळाले.

२ मार्च

कागदी चाचणी. पाण्याऐवजी चिंचोके, एक चिंचोका म्हणजे एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं पाणी. फासे सापडेनात म्हणून कवड्या. भाचा आणि त्याचे मित्र खेळायला. मी पडद्यामागे बसून फक्त दिसतं ते सांगणार.

पहिली गंमत: चिंचोके ढिगात असेपर्यंत पोरं दंगा करत होती. मूठभर उरले तसा आवाज खाली आला. एकाने चिंचोके ओळीने मांडून ठेवले आणि प्रत्येक चालीआधी बोट ठेवून मोजायला लागला. दुसरी: शिंगणापूरचं टोक दिसलं हे कळताच सगळे तिकडेच. वाटेतली पडकी विहीर कोणी पाहिलीच नाही. तिसरी, जी मला अपेक्षित नव्हती: भाच्याने बाजारात पाणी विकून कुऱ्हाड घेतली. मी आडकाठी केली नाही. दीड दिवसाने त्याच्याकडे कुऱ्हाड होती आणि चिंचोके नव्हते.

'केव्ह्ज ऑफ कड' मध्ये पाणी हेच चलन आहे. जेसन ग्रिनब्लॅट आणि ब्रायन बकलू यांचा, वर्षानुवर्षं वाढवलेला आणि २०२४ मध्ये पूर्ण म्हणून जाहीर केलेला. तिथे वाळवंट ओलांडताना माणूस स्वतःचे पैसे पीत जातो. शिवाय मोठ्या नकाशावरून जाताना वाट चुकली तर गेम तुम्हाला खाली जमिनीवर आणून सोडतो, आणि दिशा सापडेपर्यंत मोठा नकाशा पुन्हा मिळत नाही. तोवर एक-एक पडदा करत चालायचं. मी तिथे कितीदा वैतागलो असेन, पण वाट चुकण्याला त्यांनी जागा दिली. बाकीच्यांकडे वाट चुकणं म्हणजे फक्त दंड.

५ मार्च

रानटी कुत्री. काढायची की ठेवायची?

वाटेत अवचित काही घडण्याला माझा विरोध नाही. जुन्या 'फॉलआउट'मध्ये नशीब चांगलं असेल तर वाळवंटात प्रचंड मोठं पाऊल उमटलेलं दिसायचं, किंवा कोसळलेली उडती तबकडी, आणि तिच्यात एल्विसचं मखमलीवरचं चित्र. त्याचा उपयोग शून्य, पण लोक अजून ते आठवतात. दुसऱ्या भागात (१९९८) मोटार आली. हायवेमन तिचं नाव, आणि नकाशा एकदम आखडला. तिच्या डिकीचा बग तर दंतकथाच झालाय. गाडी एकीकडे, डिकी मालकाच्या मागे मागे.

माझी तक्रार कुत्र्यांनी काही सांगू नये याबद्दल आहे. कुत्री हाडकुळी असतील तर जवळ पाणी नाही. गळ्यात पट्टा असेल तर वस्ती आहे, आणि पट्टा कातड्याचा की दोरीचा यावरून कुणाची तेही. ओल्या पायांची असतील तर ज्या दिशेने आली तिकडे जा. मारलं तर मांस मिळेल, जाऊ दिलं तर माग मिळेल. चित्रकार बाईंनी हाडकुळं कुत्रं आजच काढून दिलं. मी म्हटलं फार गोड झालंय. म्हणाल्या, "तुम्हाला मारवू नये म्हणूनच."

९ मार्च

ताप. काम नाही. अंथरुणात पडून 'न्यू व्हेगस'मध्ये पुन्हा उत्तरेने गेलो. मेलो.

११ मार्च

ज्यांचे पैसे लागले आहेत ते आज येऊन गेले. खेळून पाहिलं, पाण्याचं आवडलं, शिंगणापूर फार आवडलं. मग म्हणाले, कुठे जायचं ते दाखवणारा बाण कुठाय? बाण नसेल तर लोक दहा मिनिटांत सोडून देतात.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २००८च्या 'फॉलआउट ३' पासून पडद्याच्या तळाशी होकायंत्राची पट्टी आली, तिच्यात कामाची खूण, न पाहिलेल्या जागांचे पोकळ त्रिकोण. वॉशिंग्टनच्या ढिगाऱ्यांतून लाखो लोक त्या पट्टीकडे बघत चालले आणि सुखाने चालले. मीही चाललो. पण त्या गेममधल्या वाटा आठवायला बसलो तर मला पट्टी आठवते, वाटा आठवत नाहीत.

आपल्याकडे पत्ता विचारला तर काय ऐकू येतं? ओढा ओलांडा, डाव्या हाताला मारुती लागेल, तिथे पुन्हा कुणाला तरी विचारा. हा शेवटचा भाग मोलाचा आहे. सांगणारा पूर्ण वाट सांगत नाही, पुढच्या सांगणाऱ्यापर्यंत पोहोचवतो. मी त्यांना म्हटलं, बाण देतो, पण तो माणसाच्या तोंडून येईल. कुणी वाट सांगितली की पुढच्या खुणेपर्यंतच दिशा दिसेल. खूण जमिनीवर सापडली तर पुढचा टप्पा. मारुती पडलेला असेल, ओढा आटलेला असेल, तर उभं राहून विचार करा.

ते म्हणाले, करून दाखवा, मग बघू. नकार नाही, हेही खूप.

१५ मार्च

तळ्यांची वाट सांगणारी माणसं लिहितोय. अण्णांना फोन केला तेव्हा एक नवीच भानगड निघाली. त्यांना विचारलं, म्हसवडपासून अमुक तळं किती लांब? म्हणाले, "येक मुक्काम." कुणाचा मुक्काम? मेंढरांचा. चरत चरत जाणाऱ्या कळपाचा दिवस म्हणजे मोकळ्या माणसाची अर्ध्या दिवसाचीही चाल नाही. घोडेवाला लांबचं तळंही सांगेल तेव्हा सकाळ म्हणेल, आणि पाण्याची पखाल वाहणारा खांदा बदलण्याच्या जागा मोजेल.

म्हणजे अंतर कोणी सांगितलं यावर चिंचोके किती घ्यायचे ते ठरणार. मेंढपाळाचा मुक्काम ऐकून दिवसाचं पाणी घेतलं तर ओझं फुकट वाहिलं. घोडेवाल्याची सकाळ ऐकून अर्ध्या दिवसाचं घेतलं तर संपलं. पडद्यावर आकडा द्यायचाच नाही, फक्त त्याचं वाक्य.

प्रोग्रामर म्हणतो, प्रत्येकाच्या मापाचं कोष्टक आतमध्ये ठेवावं लागेल आणि तीन प्रकारची माणसं पुरे. मला निदान सात हवीत. भाषांतर करणाऱ्यांचं काय करायचं, असंही तो विचारत होता. त्याला म्हटलं आधी पखालवाल्याला जेवणाची सुट्टी किती द्यायची ते ठरवू.